तरुण संघाची नेपाळवारी: निघण्याआधीची तयारी

परदेशी मिशन ट्रिप म्हटली की चर्चच्या तरुण संघाची पहिली बैठक टी-शर्टच्या रंगात आणि गाण्यांच्या यादीतच संपते. संपू द्या, पोरांचा उत्साह त्यावरच टिकतो. पण त्याच आठवड्यात तिथल्या पाळकांना, म्हणजे पास्टरना, फोन लावून विचारा, की आमचा तुम्हाला नेमका काय उपयोग होईल? उत्तर येईपर्यंत कार्यक्रम आखू नका. आमच्या डोक्यात बालमेळावा होता. तिकडून निरोप आला की गिटार शिकवणारं आणि मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशेब कसा लिहायचा ते दाखवणारं कोणी असेल तर आणा. एरवी मागच्या बाकावर बसणारा आमचा बी.कॉम.वाला एका दिवसात संघाचा हिरो झाला.

नेपाळ निवडायची कारणं उघड आहेत. व्हिसा लागत नाही, खर्च आवाक्यातला, आणि लिपी आपलीच. मात्र कायदा पहिल्याच बैठकीत समजावून सांगा. 2015 च्या संविधानाच्या कलम 26 नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला तिथे बंदी आहे. 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. म्हणून पत्रकं न्यायची नाहीत, रस्त्यावर प्रचार करायचा नाही. 'आपण भारतीय, आपल्याला कोण विचारतंय' असं म्हणणारा एकजण प्रत्येक संघात असतो. त्याला बाजूला घेऊन सांगा, की आपण चार दिवसांनी गाडीत बसू, पोलिसांचे प्रश्न मागे राहिलेल्या पाळकांना येतील. माझ्या मते ज्याला हे पटत नाही त्याला नेऊच नये, मग तो कितीही छान गात असो.

सर्वांत जास्त वेळ साक्षीच्या, म्हणजे प्रभूने आपल्या जीवनात काय केलं ते सांगण्याच्या, सरावाला द्या. आपल्याकडे साक्ष म्हणजे वीस मिनिटं, त्यात आजोबांपासून सुरुवात. तिथे प्रत्येक वाक्यानंतर दुभाषी बोलणार, म्हणजे तुमच्या पाच मिनिटांची दहा होतात. आम्ही सरावाला एकाला दुभाषी म्हणून शेजारी उभं करायचो आणि त्याने तेच वाक्य हिंदीत सांगायचं. एक मुलगी सुरू झाली, 'माझ्या जीवनात जेव्हा अंधकारमय परिस्थिती होती आणि त्या परिस्थितीतून प्रभूने मला...' दुभाषी नुसता बघत राहिला, सगळे हसले. पुढच्या खेपेला ती म्हणाली, 'मी बारावीला नापास झाले. दोन महिने घराबाहेर पडले नाही.' हे बरोबर. वाक्य छोटं, मग थांबायचं. नेपाळी बायबलमधला शास्त्रपाठ मात्र आपल्या पोरांना थेट वाचता येतो. एक-दोन वचनं मोठ्याने वाचून घोटून घ्या. भेटल्यावर 'जयमसीह' म्हणायचं, चपला बाहेर काढायच्या, आणि उपासनेला खाली मांडी घालून बसायची सवय इथूनच करायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळांसह न्या. इंग्रजी कोरस तिथल्या तरुणांना आपल्यापेक्षा चांगले येतात.

बहुतेक मंडळ्यांची मुख्य उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टीचा वार तोच. तेव्हा गुरुवारपर्यंत पोचायचं बघा. 25 एप्रिल 2015 चा भूकंपही शनिवारीच दुपारच्या सुमारास झाला, लोक उपासनेत असताना. त्या भागात गेलात तर 'तेव्हा काय झालं होतं' असं पोरांनी खोदून विचारू नये. ते स्वतः बोलले तर ऐकावं.

कागदपत्रं: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाचं सरहद्दीवर आधारवर भागत नाही, आणि अठराच्या आतल्यांकडे मतदार कार्ड नसतं, म्हणून त्यांचे पासपोर्टचे अर्ज सर्वांत आधी टाका. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सरहद्दीवरचं सोनौली, पुढे बस. पावसाळा टाळा, दरडी कोसळतात. एक भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी. शंभराच्या नोटा न्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, ते निघायच्या आठवड्यात तपासा. वर्गणीची वही दोघांनी मिळून सांभाळावी.

'एक दिवस अनाथालयात' हा बेत कोणीतरी सुचवणारच. नको म्हणा. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आई-बाप असलेली मुलंही अशा ठिकाणी ठेवल्याचे प्रकार नेपाळमध्ये उघड झालेत. मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, हे पालकांच्या सभेतच जाहीर करा, आणि तिथल्या मोठ्यांचे फोटोसुद्धा पाळकांना विचारल्याशिवाय नाहीत. कोण कुठल्या मंडळीत जातं हे आपल्या इन्स्टाग्रामवरून गावाला कळायला नको.