संस्थापक गेल्यावर: सल्लागार फर्मने त्यांची आठवण कशी ठेवावी

सर गेले त्या रात्री श्रद्धांजलीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: द्रष्टे, व्यासंगी, मनमिळाऊ, अनेकांचे मार्गदर्शक. छापायला देण्याआधी त्यांच्या पत्नींना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कुणाबद्दल आहे?" सर मनमिळाऊ अजिबात नव्हते. बैठकीत तिसऱ्या स्लाइडला ते खिडकीबाहेर बघायला लागायचे. तो कागद मी फाडला.

तुमच्यावर ही वेळ आली, तर लिहायला बसण्याआधी फोन उचला. त्यांच्या हातात चालू असलेल्या कामांची यादी काढा आणि प्रत्येक क्लायंटला ओळखीच्या भागीदाराने स्वतः फोन करावा. बातमी सांगायची आणि त्याच फोनवर उद्यापासून काम कोण बघणार तेही सांगायचं. समोरचा माणूस हळहळत असतो आणि मनात "माझ्या कर्जाच्या फाइलचं काय?" असंही चाललेलं असतं. त्यात गैर काही नाही. आणि एक: त्यांची डिजिटल सही वापरून "तेवढं एक" काम उरकायचा मोह होतो. होऊ देऊ नका. आयुष्यभर सहीला जपलेल्या माणसाचा त्याहून मोठा अपमान नाही.

शोकसभा चाळीस मिनिटांची ठेवा. बोलणाऱ्याला आधीच बजावा: एकच प्रसंग सांगायचा, तोही स्वतः पाहिलेला. आमच्याकडे सगळ्यात चांगलं बोलल्या त्या रिसेप्शनवरच्या बाई. सर रोज संध्याकाळी निघताना त्यांना विचारायचे, "आज कोण चिडून गेलं?" आणि त्या क्लायंटला सकाळी पहिला फोन करायचे. आम्हा भागीदारांना बावीस वर्षांत हे माहीत नव्हतं.

पण याच सभेत आम्ही एक घोडचूकही केली. एका सहकाऱ्याने सरांच्या सल्ल्यामुळे बुडता धंदा कसा वाचला ते रंगवून सांगितलं. नाव घेतलं नाही, पण धंदा कशाचा, भाऊ किती, भांडण कशावरून, सगळं आलं. त्यातला थोरला भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता. सल्लागाराचं कर्तृत्व बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अडचणीत दडलेलं असतं. म्हणून प्रत्येक किस्सा आधी वाचून घ्या आणि क्लायंट ओळखू येत असेल तर त्याची लेखी परवानगी मागा. नाही मिळाली तर किस्सा गेला.

आता खरं काम. त्यांचे निर्णय गोळा करा. आम्ही सरांच्या जुन्या फायली काढल्या. अहवालांच्या कच्च्या प्रतींवर समासात पेन्सिलने जवळजवळ प्रत्येक पानावर एकच शब्द होता: "मग?" नफ्याचं प्रमाण घसरलं असं कुणी लिहिलं, की बाजूला "मग?" ताळेबंदाचं विश्लेषण चार पानं, खाली "मग?" दोनदा अधोरेखित. त्यातून आम्ही साठेक पानांची टिपणं केली. काम कोणतं, सरांनी काय सुचवलं, कोणतं काम नाकारलं आणि कुठे चुकले. चुका गाळू नका. शाखा वाढवण्याच्या बाबतीत सर दोनदा सपशेल चुकले होते. नव्या मुलांना आम्ही टिपणं वाचायला देतो, तेव्हा ती हीच पानं आधी उघडतात. गोपनीयतेमुळे नावं, आकडे, गाव सगळं बदललं आहे आणि प्रती फर्मच्या बाहेर जात नाहीत. हे काम पहिल्या सहा महिन्यांतच करा. पुढे आठवणी गुळगुळीत होतात.

दारावरचं नाव राहू द्यायचं का, यावर आमच्यात वाद झाला. अमेरिकेतल्या मॅकिन्झी या सल्लागार फर्मचे संस्थापक जेम्स मॅकिन्झी 1937 साली गेले, तेव्हा त्यांची फर्म जेमतेम 11 वर्षांची होती. पुढे ती नावारूपाला आणली त्यांचे सहकारी मार्व्हिन बाउअर यांनी, पण पाटीवर स्वतःचं नाव लावलं नाही. त्यात व्यवहारही होता: गेलेल्या माणसाचं नाव असलं, की "मला पाटीवरचाच माणूस हवा" असा हट्ट कुणी धरू शकत नाही. उलट उदाहरण अमेरिकेतले हिशेबतपासनीस आर्थर अँडरसन यांचं. सरळ विचार करा, सरळ बोला, हे आईचं वाक्य त्यांनी 1913 साली काढलेल्या फर्मचं ब्रीद झालं. ते 1947 मध्ये गेले. नाव राहिलं, ब्रीदही राहिलं, आणि 2002 मध्ये एन्रॉन या क्लायंट कंपनीच्या हिशेब घोटाळ्यात ती फर्म कोसळली. आम्ही नाव ठेवलं. मात्र घरच्यांची लेखी संमती आणि भागीदारी करारातलं कलम आधी तपासलं.

खोलीचं देऊळ करू नका. पेन्सिली घरी पाठवल्या, फोटो एकच लावला, आणि खोली बैठकींसाठी खुली केली.

पुरस्कार किंवा शिष्यवृत्ती सुरू करायची असेल तर आधी गणित. मुद्दल शाबूत ठेवून वर्षाला 4 टक्के काढायचे म्हटले, तर वार्षिक खर्चाच्या 25 पट निधी लागतो. तेवढा नसेल तर "दहा वर्षांसाठी" असं सरळ जाहीर करा. दरवर्षी वर्गणी मागत फिरण्यापेक्षा ते बरं. तारीख मृत्यूची न घेता फर्म सुरू झाल्याची घ्या, म्हणजे लोक मोकळेपणाने येतात.

आणि निकष नेमका ठेवा. आमचा निकष असा: क्लायंटच्या हितासाठी स्वतःची फी सोडून काम नाकारलेला तरुण सल्लागार. पहिल्या वर्षी 11 अर्ज आले. दहा जणांनी मिळवलेली कामं लिहिली होती. अकराव्याने नाकारलेलं लिहिलं होतं, पण खोदून विचारल्यावर कळलं, की क्लायंटनेच त्याला काढलं होतं. त्या वर्षी आम्ही पुरस्कार कुणालाच दिला नाही आणि रक्कम मुद्दलात टाकली.