सिकलसेलच्या पेशंटचा वाढदिवस घरीच करून राहिले? मग या चुका टाळा

"छोटाच करू, घरचेच चार जण" असं सकाळी ठरतं आणि संध्याकाळी अंगणात मंडपवाल्याच्या खुर्च्या लागलेल्या दिसतात, हे आपल्याकडे कोणाला समजवून सांगायची गरज नाही. दुसऱ्यांच्या घरी यानं फारतर भाजी पुरत नाही, पण सिकलच्या पेशंटच्या घरी यानंच रात्री १०८ ला फोन लावायची पाळी येते. मी स्वतः एसएस पॅटर्नची, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही सिकल आलेली, नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात राहते, गावात माझ्यासारखे अजून पेशंट आहेत आणि त्यांच्याही घरचे वाढदिवस बघितले. चुका सगळीकडे त्याच त्या. आणि प्रेमापोटी होतात म्हणून कोणी टोकतही नाही.

आधी थोडक्यात सांगते, कारण पाहुण्यांपैकी अर्ध्यांना "रक्त कमी आहे" एवढंच माहीत असतं. सिकलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, कडक होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात, जिथं अडकल्या तिथं दुखतं, आणि ते दुखणं वाढलं की त्याला आपण क्रायसिस म्हणतो. चांगली पेशी १२० दिवस जगते, आमची १० ते २० दिवसांत तुटते, म्हणून थकवा कायमचाच. आता क्रायसिस कशानं येतो ते बघा: अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, दगदग, जागरण, सर्दी-तापासारखं इन्फेक्शन, टेन्शन. आपल्याकडच्या साध्या वाढदिवसात यातलं काय नसतं ते सांगा.

रात्री बाराचा केक

मित्रमंडळाला बारालाच यायचं असतं. झोपलेल्या माणसाला उठवायचं, उघड्यावर गाडीच्या सीटवर केक ठेवायचा, तोंडाला फासायचा, वरून फोमचा फवारा आणि मग चौघांनी हात-पाय धरून पार्श्वभागावर लाथा, ज्याला पोट्टे बंप्स म्हणतात. ज्याची हाडंच दुखतात त्याला लाथा मारून शुभेच्छा द्यायची ही कोणती पद्धत बावा? पण पेशंट लाजेखातर हसत राहतो, फोटोत तर गजब खुश दिसतो. हे त्याच्या तोंडून बंद होणार नाही, घरच्या मोठ्यानं किंवा एखाद्या समजदार दोस्तानं आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकायचं की केक संध्याकाळी सहाला, घरात, आणि कोणी हात लावायचा नाही. सहा म्हणजे सहाच. नाही तं आठला लोक जमतात, लाइन जाते, जेवण दहाला होतं आणि रात्रीची गोळी राहून जाते. क्रायसिस कमी व्हावेत म्हणून डॉक्टर देतात ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर ती रोजच्या रोजच लागते, वाढदिवसाची सुटी तिला नसते, म्हणून जेवणावर न ठेवता मोबाइलला अलार्म लावा.

तारखेचाही फार हट्ट धरू नका. सकाळपासून अंग कसनुसं वाटत असेल तर आजचा कार्यक्रम रविवारी ढकला. आपल्या किती आजोबा-काकाजींची जन्मतारीख १ जुलै आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली, खरी आठवण काय तर "पोळ्याच्या पाडव्याला झाला होता". त्यांचं काही अडलं नाही. आणि ढकलता येईल असाच बेत करा, म्हणजे केकवाल्याला मोठी ऑर्डर नको, लांबच्या नातेवाइकाला सुटी काढायला लावणं नको, कारण एकदा का आत्या नागपूरहून एसटीनं निघाली की मग पेशंट दुखणं दाबून बसतो.

पाटावर बसवणं

हे कोणाच्या लक्षातच येत नाही. ओवाळायचं म्हणजे पाट, त्याच्याभोवती रांगोळी आणि पाटावर मांडी घालून उत्सवमूर्ती. सिकलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खराब होतं, डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात, आणि आपल्यात तरुण पोरापोरींना ते बरंच दिसतं. मांडी घालून दहा मिनिटं बसलं की उठताना जीव जातो. मग पाच जणी ओवाळणार, प्रत्येकीचा फोटो, त्यात निरांजन विझलं की परत पेटवायचं, होतात की अर्धा-पाऊण तास. आमच्याकडे आता खुर्ची मांडतो आणि पाट खुर्चीसमोर पायाखाली ठेवतो. आजीनं पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग तीच म्हणाली, "पाय तं पाटावरच हायेत ना, झालं मग." तबकात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी सगळं तेच. ओवाळणं झालं की पाया पडायचा कार्यक्रमही सूट द्या, वाकून वाकून कंबर धरते.

पाणी, सगळ्यात जास्त इथंच चुकतं

पेशंट रोज बाटली घेऊन फिरतो, आणि वाढदिवसाच्या दिवशीच पाणी पीत नाही. कारण सरळ आहे. सिकलमध्ये किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे वारंवार जावं लागतं, आणि घरात पाहुणे भरलेले, संडास-बाथरूम अंगणाच्या पलीकडे, तिथंच सगळे खुर्च्या टाकून बसलेले. नवी साडी नेसून पाचव्यांदा त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे पोरीला नको वाटतं. मग ती दुपारपासून पाणीच बंद करते, कोणाला सांगत नाही. हे बिचारीला समजावून सुटत नाही, खुर्च्या हलवून सुटतं. बाथरूमची वाट मोकळी ठेवा, तिथला बल्ब चालू आहे का बघा, आणि लहान लेकरू अंथरूण ओलं करत असेल तर मामा-मामीसमोर त्याचा विषय हसण्यावारी काढू नका.

डॉक्टर मोठ्या माणसाला साधारण ३ लिटरच्या आसपास सांगतात, किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर हिशोब वेगळा, तो आपापल्या डॉक्टरला विचारावा. कोल्ड्रिंक या हिशोबात धरू नका. ताक, आंबील, लिंबूपाणी, उन्हाळ्यात पन्हं, हे सगळं चालतं आणि पाहुण्यांनाही आवडतं, फक्त बर्फ घालून नको. जेवणात वेगळं पथ्य असं नाही, वडा-भात करा, पाटवडी-रस्सा करा, लाखोळीच्या डाळीचे वडे तळा, पेशंटसाठी वेगळी फिकी थाळी लावून त्याला बाजूला बसवू नका. दारू मात्र नाही म्हणजे नाही, ती अंगातलं पाणी काढते, "वाढदिवस आहे, एक घोट" म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

कुलरसमोरची मानाची जागा

मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश, म्हणून ज्याचा वाढदिवस त्याला कुलरच्या बरोबर तोंडासमोर बसवतात. घामानं भिजलेलं अंग आणि त्यावर ओला गार वारा, तासाभरात हातपाय ठणकायला लागतात. थोडं तिरकं बसवा, वारा भिंतीवर जाऊ द्या. हिवाळ्यातला वाढदिवस असेल तर पहाटेची आंघोळ नको, ऊन आल्यावर गरम पाण्यानं. आणि सरप्राइज म्हणून ताडोबाची सफारी बुक करणाऱ्यांनो, डिसेंबरात पहाटे उघड्या जिप्सीत जो वारा लागतो तो धडधाकट माणसालाही सहन होत नाही. दुपारची फेरी घ्या, कानटोपी घ्या, आणि बुक करायच्या आधी विचारा. सरप्राइज हाच प्रकार मला आमच्यासाठी तरी पटत नाही, आम्हाला आदल्या दिवशी आराम करून ताकद वाचवावी लागते.

पाहुणे आणि त्यांचं ज्ञान

ज्याला सर्दी-खोकला-ताप आहे त्यानं फोनवरच शुभेच्छा द्याव्या, राग आला तरी चालेल. सिकलमध्ये लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते, म्हणून इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी असते, हे वाक्य पाठ करून ठेवा आणि कोणी रुसलं की म्हणून दाखवा.

मग येतं ज्ञान. मावशी "रक्त वाढते" म्हणून लोहाचं टॉनिक गिफ्ट आणते. आमचं रक्त लोह कमी असल्यानं कमी होत नाही, पेशी तुटल्यानं होतं, आणि ज्याला रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात प्रत्येक पिशवीमागे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आधीच जात असतं, ते साठून लिव्हर आणि हार्टला त्रास होतो. तपासणीत लोह कमी निघालं तरच डॉक्टर देतात. आमची नेहमीची गोळी फॉलिक ॲसिडची. टॉनिक हसून घ्या, कपाटात ठेवा, भांडू नका. दुसरे काकाजी डोळे बघतात, "पिवळे दिसून राहिले, कावीळ उतरवून आणा." तो पिवळेपणा बहुतेक वेळा तुटलेल्या पेशींचा असतो, नेहमीपेक्षा एकदम वाढला असेल तर दवाखाना, गळ्यात माळ नाही.

आणि पोरगी वीसच्या पुढची असली की लग्न. केक तोंडात असतानाच. त्यावर मी एकच उत्तर देते, आधी मुलाचा रिपोर्ट आणा. नवरा एए, म्हणजे सिकल नसलेला, असला तर लेकरं एएस होतील, म्हणजे नुसती वाहक, आजारी नाही. एएस असला तर दर बाळंतपणात एसएस व्हायची शक्यता निम्मी. रिपोर्टचं नाव काढलं की विषय आपोआप भाजीकडे वळतो.

उलटी चूकही आहे, ती आईबाबांची. दर पाच मिनिटांनी "दुखते का, काही होते का", केकचा चाकूही धरू द्यायचा नाही, आणि पाहुण्यांना हळू आवाजात "यंदा लय त्रास झाला हो हिला" सुरू. ऐकू येतं सगळं. त्यापेक्षा आधीच एक खूण ठरवा. मी ओढणी डोक्यावर घेतली की माझी बहीण समजते, पाहुण्यांना चहाला अंगणात नेते, मी आतल्या खोलीत वीस मिनिटं आडवी होते. कोणाला कळतही नाही. पलंग मात्र रिकामा पाहिजे, त्यावर पाहुण्यांच्या बॅगा आणि झोपलेली लेकरं नको.

मधेच दुखायला लागलं तर

कार्यक्रम थांबवा, आटोपता घेऊ असं नाही, थांबवाच. कोमट पाणी द्या, अंग झाका, गरम पाण्याच्या पिशवीनं शेका. बर्फ लावायचा नाही, आपल्याकडे मुका मार म्हटलं की बर्फ आणायला पळतात म्हणून सांगते. गोळी तीच जी तुमच्या डॉक्टरनं लिहून दिली, मेडिकलवाल्याच्या किंवा काकांच्या खिशातल्या गोळ्या नको, त्यातल्या काहींनी किडनीला त्रास होतो.

पण काही गोष्टींत घरी शेकत बसायचंच नाही: १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, लहान लेकराचं पोट डावीकडे फुगून ते एकदम पांढरंफटक पडणं, मुलग्यांमध्ये लिंग ताठ होऊन तासन्‌तास न उतरणं. शेवटचं पोरं लाजेनं सांगत नाहीत आणि उशीर होतो. तापाची गोळी देऊन "केक कापून जाऊ" करू नका. १०८ लावा, नाही तं गावातली गाडी काढा. गाडी कोणाची आणि ड्रायव्हर कोण हे सकाळीच ठरलेलं असावं, आणि तो ड्रायव्हर संध्याकाळी पिणारा नसावा. रिपोर्टची फाइल आणि गोळ्यांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला.

दुसरा दिवस रिकामा ठेवायचं बरेच जण विसरतात. वाढदिवस चांगला गेला म्हणून सकाळी लगेच शेतावर, कॉलेजला किंवा पाहुण्यांना स्टँडवर सोडायला पाठवतात, आणि दगदगीचं दुखणं बऱ्याचदा तेव्हाच वर येतं. उशिरा उठू द्या, उठल्या उठल्या पाण्याचा तांब्या द्या, आणि दुपारपर्यंत एकदा ताप बघा. भांडी भावाकडे द्या.