हॉस्पिटलचं बिल आणि क्लेम : या चुका टाळा

बाबांना घरी न्यायचं म्हणून सकाळपासून बॅगा भरून बसलो होतो आणि दुपारी कळलं की इन्शुरन्सवाल्यांनी क्लेम अडवलाय, कारण काय तर ॲडमिट करताना केसपेपरवर बीपी '१० वर्षांपासून' असं लिहिलेलं. खरे होते १० महिने! भावाने घाईत सांगितलं, डॉक्टरांनी घाईत लिहिलं, आणि पॉलिसी ४ वर्षांपूर्वीची, म्हणजे कागदावर आम्ही आजार लपवलेला ठरलो. जुनं प्रिस्क्रिप्शन शोधलं, डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घेतलं, तेव्हा कुठे सुटलो. म्हणून कळकळीने सांगते, केसपेपर पहिल्याच दिवशी वाचा, आणि आजाराची माहिती ज्याला नीट माहितीये त्यानेच द्या. आधीपासून खरंच आजार असेल तर मात्र पॉलिसी घेतानाच सांगून टाका, लपवलेलं नेमकं क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

रूम निवडताना तर फारच जण फसतात. पॉलिसीत रूमभाड्याला लिमिट असेल आणि तुम्ही दुप्पट भाड्याची रूम घेतली तर वाटतं की वरचं भाडं तेवढं आपण भरू, पण तसं नसतं हो. बऱ्याच पॉलिसीत सर्जनची फी, ओटीचे चार्जेस, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळंच त्या प्रमाणात म्हणजे अर्धं कापतात, कारण रूम भारी तसे हॉस्पिटलचे हे रेटपण वाढतात. औषधं सहसा यातून सुटतात. तेव्हा सही करायच्या आधी लिमिट बघा. को-पे, म्हणजे क्लेममधला आपण भरायचा वाटा, आहे का तेही बघून ठेवा, २०% असेल तर क्लेम पास होऊनही तेवढे आपल्याच खिशातून जातात.

ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल तर इन्शुरन्स कंपनीची मंजुरीपण आधीच घ्या, आदल्या रात्री धावपळ नको.

बिल आयटमवाइज मागा. एकूण आकडा बघून काहीच कळत नाही. न वापरलेली औषधं परत केली ती वजा झाली का, आयसीयूचे दिवस बरोबर मोजलेत का, एकच टेस्ट दोनदा लागली नाही ना, हे काउंटरवरच विचारा, पैसे भरल्यावर दुरुस्ती करून घेणं फार अवघड जातं. ओरिजिनल कागद देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढा.

आणि एवढं करून क्लेम नाकारलाच तर फोनवरचं 'नाही' ऐकून गप्प बसू नका, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, पुढच्या तक्रारीला तो कागद फार कामाला येतो.