खचणाऱ्या इमारतीचा पाया कसा सावरावा

मुंबईचा बराचसा भाग भराव टाकून समुद्रातून मिळवलेला आहे. शिवडी, वडाळा अशा खाडीलगतच्या भागांत त्या भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती आढळते. उथळ पायाची इमारत अशा जमिनीत एका अंगाने खचू लागली, की अनेक सोसायट्या आधी भेगा बुजवून रंग देतात. वास्तविक ते सर्वांत शेवटी करायचे काम आहे.

प्रथम खचणे अजून चालू आहे का, ते पाहावे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग निवडून, प्लॅस्टर खरवडून, तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली, तर भेग हलते आहे. कॉलमचे काँक्रीट फुटू लागले असेल, तर मात्र वाट न पाहता इमारत रिकामी करून महापालिकेला कळवावे.

त्याच काळात ड्रेनेजची लाईन आणि जमिनीखालची टाकी तपासून गळती बंद करावी, कारण झिरपणारे पाणी भरावातील बारीक माती वाहून नेते. हे न करता केलेला पुढचा खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

त्यानंतर भूतंत्र अभियंत्याकडून (जमीन आणि पाया यांच्या तज्ज्ञाकडून) खडक लागेपर्यंत बोअर, म्हणजे माती तपासण्यासाठीची अरुंद खोल छिद्रे, घ्यावेत. 30 वर्षांहून जुन्या इमारतींना बंधनकारक असलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये मुख्यतः वरचा सांगाडा तपासला जातो, त्यामुळे माती परीक्षण वेगळे मागावे लागते. या परीक्षणात 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडून, बोअरच्या तळाशी ठेवलेली नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती घाव लागतात ते मोजतात. चिकणमातीत चारांपेक्षा कमी घाव लागले, तर ती मऊ समजावी.

उपाय मातीवर ठरतो. दगडगोट्यांच्या किंवा वाळूच्या सैल भरावात नळ्या उतरवून कमी दाबाने सिमेंटचे ग्राउटिंग करता येते, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण (ग्राउट) पंपाने पोकळ्यांत भरता येते. ते चालू असताना लेव्हल यंत्राने (उंचीतील फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने) इमारतीवर सतत नजर ठेवावी आणि ती किंचित उचलली गेली तरी पंप थांबवावा. चिकणमातीत मात्र सिमेंटचे कण शिरतच नाहीत, दाब वाढवला तर ती फाटते आणि ग्राउट भलतीकडे निघून जाते. म्हणून कंत्राटदाराने सरसकट ग्राउटिंग सुचवल्यास बोअरचा अहवाल त्याच्यासमोर ठेवावा. चिकणमातीत पायाला जोडलेले मायक्रोपाइल, म्हणजे कमी व्यासाचे खोल खांब, खालच्या पक्क्या खडकात रोवून भार त्यावर घेणे अधिक भरवशाचे असते. पायाखाली खोदावेच लागले, तर साधारण एक मीटरचे टप्पे पाडावेत, लगतचे दोन टप्पे एकाच वेळी उघडू नयेत आणि हे काम पावसाळ्यात काढू नये.

काम झाल्यावर नव्या काचपट्ट्या लावाव्यात. एक पूर्ण पावसाळा त्या अखंड राहिल्या, की मगच भेगा भरून रंगकाम करावे.