थांबता थांबता आडवे होणाऱ्यांनो, या चुका टाळा

उतारावर सायकलवरून वेगात पडणाऱ्याला निदान सहानुभूती मिळते. सिग्नलला थांबता थांबता आडवा होणाऱ्याला फक्त प्रेक्षक मिळतात. आणि हसं करणारी बहुतेक पडापड या दुसऱ्या जातीची असते: वेग जवळजवळ शून्य, कारण मात्र घरातून निघण्याआधीच तयार झालेलं.

क्लीट

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने बसवलेला तुकडा, तो खास पेडलमध्ये अडकतो. ‘क्लीटचे बूट घेतले की एकदा पडायचंच’ असं जुने सायकलवाले कौतुकाने सांगतात. काही गरज नसते. नवशिक्या नवे पेडल लावून थेट रहदारीत शिरतो, तिथे चूक होते. सिग्नल लाल होतो, तो ब्रेक दाबतो, सायकल थांबते आणि मग त्याला आठवतं की पाय सोडवायचाय. घाबरून तो पाय वर ओढतो. क्लीट वर ओढून सुटत नाही, टाच बाहेर वळवली तरच सुटते. कसाबसा उजवा पाय सुटतो, तेवढ्यात तोल डावीकडे गेलेला असतो.

एसपीडी ही क्लीट अडकवायच्या पेडलची एक जात. तिच्यावर पकड किती घट्ट ते ठरवणारा, ताणाचा छोटा स्क्रू असतो. 3 मिमीच्या ॲलन कीने तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून सैल करा. पेडलला दोन्हीकडून क्लिप असेल तर चारही स्क्रू सारखेच. मग भिंतीला हात टेकून दोन्ही पाय अडकवणं-सोडवणं कंटाळा येईपर्यंत करा. नेहमी एकच पाय आधी सोडवायचा आणि तोही थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधी. भिंतीपाशी अर्धा तास द्यायला ज्याला वेळ नाही, त्याने साधे पेडल वापरावेत.

याहून फसवा प्रकार म्हणजे क्लीटच्या दोन बोल्टांपैकी एक गळून पडणं. मग टाच कितीही वळवा, बूट फिरतो आणि क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी राहतं. चालत्या सायकलवर हे लक्षात आलं तर थांबण्याआधीच बुटाची पट्टी सोडवून पाय बाहेर काढायचा, दुसरा मार्ग नाही. बोल्टला ग्रीस लावून 5 ते 6 न्यूटन-मीटरने आवळा आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. हे ‘पुन्हा’ कुणीच करत नाही.

भराभर

हॅन्डलला पिशवी अडकवू नका. वळताना ती पुढच्या आऱ्यांत जाते आणि चाक जागीच जाम होतं.

बुटाच्या लेसची टोकं आत खोचा.

रूळ ओलांडताना शक्य तितकं काटकोनात जा. ओल्या रुळावर वळायचं नाही, ब्रेकही नाही.

दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक ठेवू नका. चाकं घासली की बहुधा मागचाच पडतो.

क्विक रिलीज (चाक चटकन काढता यावं म्हणून आसाला असलेली लिव्हरची कळ) नटासारखा गोल फिरवून आवळायचा नसतो. लिव्हर मिटताना अर्ध्या वाटेवर जोर लागायला हवा आणि तळव्यावर वळ उठायला हवा.

सीटवर बसूनच पाय टेकायचा हट्ट सोडा. त्यापायी लोक सीट खाली करतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो.

पुढचा ब्रेक

‘पुढचा ब्रेक लावूच नकोस’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. जोरात थांबताना वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या चाकातच असते. माणूस हॅन्डलवरून उडतो तो हात ढिले ठेवून एकदम खच्चून ब्रेक दाबल्यामुळे. सायकल थांबते, अंग थांबत नाही. हात ताठ, बूड मागे आणि लिव्हर हळूहळू दाबत न्यायचा. उसन्या सायकलवर बसण्याआधी पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते चालत ढकलून पाहा, कारण सगळीकडे एकच रीत नाही.

लगबगीने उठणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक पडल्यानंतर होते. ‘काही नाही, काही नाही’ म्हणत लोक झटकन उठतात आणि कुणी आणखी बघायच्या आत निघतात. सायकल उजवीकडे पडली असेल तर मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आत दाबला गेलेला असतो, कारण त्याला धरणारा हँगर बहुतेकदा मऊ ॲल्युमिनियमचा असतो. सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. पुढे चढ येतो, चालवणारा सर्वांत हलका गिअर टाकतो, चेन मोठ्या दातेरी चकतीवर जाते, डिरेलर आऱ्यांत घुसतो आणि मागचं चाक अडकतं. आरे, डिरेलर, कधी कधी फ्रेमसुद्धा जाते.

म्हणून आधी रस्त्याच्या कडेला व्हा. डोकं आपटलं असेल किंवा गरगरत असेल तर सायकल चालवायचीच नाही, हेल्मेटही बदलायचं. नसेल तर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हॅन्डल सरळ करा. दोन्ही चाकं फिरवून ब्रेकला घासतात का ते पाहा. मग मागून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या वरच्या चकतीच्या सरळ रेषेत हव्यात. मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवत एकेक गिअर चढवा. शेवटी टकटक आवाज आला तर घरी पोचेपर्यंत मोठ्या दोन चकत्या वापरायच्या नाहीत.

हँगर हाताने सरळ करणं ही तात्पुरती सोय झाली. पुन्हा पुन्हा वाकवला की तो तुटतो, आणि नीट सरळ करायला मापाचं हत्यार लागतं. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, ऐनवेळी दुकानात मिळेलच असं नाही. आपल्या सायकलचा एक जादा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.