तक्रार दिल्यानंतर: बेळगावात नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे येणाऱ्याला बाजारात आणि शेजारात मराठीची उणीव फारशी भासत नाही. ती भासते पोलीस ठाण्यात. हवालदार बहुधा तुमच्याशी मराठीत बोलेल, चहाही विचारेल, परंतु तो जे लिहून घेईल ते कन्नडमध्ये असेल आणि पुढे न्यायालयापर्यंत तेच जाईल.

2012 मध्ये बसस्थानकावर माझी लॅपटॉपची बॅग चोरीला गेली. तक्रार मी मराठीत सांगितली, ती कन्नडमध्ये लिहिली गेली आणि मी घाईने सही केली. कन्नडमध्ये चोरी झाली म्हणजे ‘कळवागिदे’ आणि हरवले म्हणजे ‘कळेदुहोगिदे’. माझ्या कागदावर दुसरा शब्द होता. वस्तू हरवली असल्यामुळे गुन्हा नोंदवला गेला नाही, विमा कंपनीने दावा फेटाळला आणि लॅपटॉपचे 38 हजार रुपये माझ्या पगारातून कापले गेले. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट होते असे मला आजही वाटत नाही. कागद वाचून घेण्याची जबाबदारी माझी होती आणि ती मी पार पाडली नाही.

म्हणून सांगतो, वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. तोंडी दिलेली माहिती लिहून ती तक्रारदाराला वाचून दाखवणे आणि एफआयआरची प्रत विनामूल्य देणे, हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. ‘ओदि हेळि’, म्हणजे वाचून सांगा, एवढे दोन शब्द नम्रपणे म्हणावेत आणि शक्य तर कन्नड वाचणारा सहकारी सोबत न्यावा. आपली काही मंडळी त्याऐवजी पुढाऱ्याला नेतात किंवा ठाण्यातच सीमाप्रश्नाचा वाद काढतात; त्याने तक्रारीतला एक शब्दही सुधारत नाही.

घटना कोल्हापूर–बेळगाव प्रवासात घडली आणि ती कोणत्या राज्यात मोडते हे ठरत नसेल, तरी हद्दीच्या कारणावरून परत पाठवता येत नाही. शून्य एफआयआर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते.

एफआयआर त्याच दिवशी मिळेलच असे नाही. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा असेल, तर नोंद करून तुम्हाला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगितले जाईल. त्याचे लेखी उत्तर, ज्याला इथे ‘हिंबरह’ म्हणतात, ते मागून घ्यावे. दखलपात्र गुन्हाच नोंदवण्यास नकार मिळाला, तर टपालाने पोलीस अधीक्षकांना लिहावे. पंचनाम्याला इथे ‘महजर’ म्हणतात. त्या वेळी स्वतः हजर राहावे.

त्यानंतर बरेच दिवस काहीच कळत नाही. तपासाची प्रगती 90 दिवसांत तक्रारदाराला कळवावी असा नियम आहे, तरीही महिन्यातून एकदा एफआयआर क्रमांक घेऊन तपास अधिकाऱ्यांना भेटावे. गुन्हा शाबीत होत नाही असे पोलिसांना वाटले, तर न्यायालयात ‘बी रिपोर्ट’ जातो आणि त्यावर हरकत घेण्यासाठी तुम्हाला नोटीस निघते. ती तक्रारीतल्या पत्त्यावरच जाते. म्हणून भाड्याची खोली बदलताच ठाण्यात नवा पत्ता लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा.