चार थ्रॉटल बॉडी बसवताना: आधी हवा जुळवा, मग पेट्रोलकडे बघा

रॅलीच्या गाडीला प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जावी हे ठरवणारी झडपेची नळी) लावायची हौस आपल्याकडे वाढते आहे, आणि तिच्याबरोबर चुकीचे सल्लेही. 'बसव रे, बाकी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळून घेते' हा त्यातला सगळ्यात महागडा. ईसीयू हवा जुळवत नाही, म्हणजे चारही नळ्यांतून सारखी हवा येईल असं करत नाही. ते काम हातानेच करावं लागतं.

आधी दोन गोष्टी तपासा. एक, तुम्ही ज्या वर्गात उतरणार त्यात हा बदल चालतो का, हे एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या) नियमावलीत वाचा. मित्राला विचारून भागत नाही. दोन, कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कंपनीचीच असेल तर थांबा. जुन्या एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनावर स्टॉक कॅमसकट चार बॉडी लावल्या तर पायाखालचा प्रतिसाद सुधारेल आणि आवाज मस्त येईल, पण ताकदीत म्हणावी तशी भर पडणार नाही. तो पैसा आधी सस्पेन्शनवर घाला.

बॉडी बहुधा सुपरबाइकच्या, जुन्या बाजारातल्या असतात. घेताना बटरफ्लायचा (नळीतल्या गोल झडपेचा) स्पिंडल, म्हणजे ती ज्यावर फिरते तो दांडा, बोटाने वरखाली हलवून बघा. खेळ जाणवला तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असो. झिजलेल्या स्पिंडलमधून हवा शिरते आणि ती कुठल्याच स्क्रूने जुळत नाही. दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर बाइकचं वेगळं आणि गाडीचं वेगळं, त्यामुळे बॉडी सुट्या करून नवीन फ्लँजवर (इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीवर) बसवाव्या लागतात. ॲल्युमिनियमच्या फ्लँजचं कटिंग आणि आर्गन वेल्डिंग हिंगण्याच्या एमआयडीसीत करून मिळतं. वेल्डिंगनंतर फ्लँज वाकतेच, म्हणून तिचं तोंड पुन्हा सपाट करून घ्या. परत आणायची घाई नको.

केबल, दोन स्वतंत्र रिटर्न स्प्रिंग आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ताण घेणारा स्टॉप एवढं झालं की बसवणं संपलं.

ब्रेकचं मात्र विसरू नका. एकत्रित मॅनिफोल्ड (चारही सिलिंडरना हवा वाटणारा सामाईक भाग) गेला म्हणजे ब्रेकच्या बूस्टरला मिळणारा स्थिर व्हॅक्यूमही गेला. एकाच नळीतून पाइप काढला तर तिथला व्हॅक्यूम धडधडत येतो आणि त्या सिलिंडरचं आयडलिंगही (पेडल न दाबता चालणं) बिघडतं. चारही नळ्यांतून सारख्या मापाचे पाइप एका छोट्या डब्यात आणा आणि तिथून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून बूस्टरला द्या. मॅप सेन्सरलाही (नळ्यांतला दाब मोजणाऱ्या) इथूनच सिग्नल मिळतो. घाटात उतारावर ब्रेक दगडासारखा कडक लागला तर लॅपटॉप कामाला येत नाही, राजेहो.

आता खरं काम, हवा जुळवण्याचं. मी यावर पुष्कळ घाम गाळला आहे, आणि बाहेरून आलेल्या गाड्यांत याच टप्प्यावर सगळं अडलेलं बघतो.

लक्षण नेहमी तेच असतं. आयडलिंग वरखाली होतं, ॲक्सिलरेटर जरासा दाबला की गाडी झटका मारते, त्यापुढे छान पळते. मालक पेट्रोल वाढवतो. आयडलिंग चढतं म्हणून स्टॉप स्क्रू (बटरफ्लाय किती मिटावी हे ठरवणारा) फिरवतो. स्क्रू फिरला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (टीपीएसचा) शून्यही सरकतो. मग ईसीयू पेट्रोलच्या टेबलातला (किती पेट्रोल मारायचं ते सांगणाऱ्या तक्त्यातला) भलताच रकाना वाचते, मिश्रण पुन्हा बिघडतं आणि मालक पुन्हा पेट्रोलला हात घालतो. तेल्याच्या बैलासारखं हे कितीही दिवस चालू शकतं. सुटका एकच: क्रम पाळा, आणि मागचा टप्पा पक्का होईपर्यंत पुढच्याला बोट लावू नका.

सुरुवात टेबलावर, बॉडी गाडीला लावण्याआधी. सगळे बायपास स्क्रू (बटरफ्लायला वळसा घालून जाणारी हवा कमीजास्त करणारे) पूर्ण बंद करा. ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी प्रत्येक बटरफ्लायच्या कडेला धरून चारही ठिकाणी ती सारखीच घट्ट निघते का बघा. बटरफ्लाय नळीच्या भिंतीवर जाऊन टेकता कामा नये, थांबवायचं काम स्टॉप स्क्रूचं. नाहीतर ती भिंतीत रुतते आणि पेडल पहिल्यांदा दाबताना अडकल्यासारखं लागतं.

मग गाडीवर. इंजिन पूर्ण गरम हवं, कारण ॲल्युमिनियम तापून पसरतं आणि थंड इंजिनावर जुळवलेलं सगळं सरकतं. ईसीयूमध्ये तीन गोष्टी बंद करा: लॅम्डाची दुरुस्ती (एक्झॉस्टमध्ये मोजून मिश्रण आपोआप सुधारणं), आयडल व्हॉल्व्ह आणि आयडलिंगला टायमिंग (ठिणगीची वेळ) मागेपुढे करणारी सोय. टायमिंग १२ ते १५ अंशांवर बांधून ठेवा. ही तिसरी सोय लोक हमखास विसरतात. ती चालू असेल तर तुम्ही स्क्रू फिरवता आणि ईसीयू गुपचूप टायमिंग बदलून आरपीएम परत जागेवर आणते. तुम्हाला वाटतं, स्क्रूचा काही परिणामच नाही.

रेडिएटरचा पंखा एक तर सतत चालू ठेवा, नाहीतर तो बंद असतानाच आकडा वाचा. नागपुरात मे महिन्यात हे काम पहाटेच होतं. तर्री-पोहे खाऊन दहाला सुरू करू म्हणाल तर पंखा सारखा चालू-बंद होत राहील, आयडलिंग त्याच्याबरोबर नाचेल आणि दिवस फुकट जाईल.

हवा मोजायला सिंक्रोमीटर घ्या, तोंडावर धरून किलो प्रति तास दाखवणारा. कानाला नळी लावून फुसफुस ऐकणारे उस्ताद अजूनही आहेत, पण हेल्मेट घालून वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या कानांवर माझा विश्वास नाही. चारही नळ्यांच्या हवेतला फरक अर्ध्या किलोच्या आत आणा. नेमका आकडा इंजिन आणि कॅमप्रमाणे बदलेल, चौघांचा सारखा हवा एवढंच. आधी पहिली आणि दुसरी जुळवा, मग तिसरी आणि चौथी, आणि शेवटी मधल्या स्क्रूने दोन्ही जोड्या एकमेकींशी.

इथेच बहुतेक जण काम संपवतात. आता थ्रॉटल किंचित उघडून २५०० ते ३००० आरपीएमवर धरा आणि चारही पुन्हा मोजा. आयडलिंगला जुळलेल्या नळ्या इथे फाटल्या तर दोष लिंकेजमध्ये आहे: कुठेतरी सांध्यात खेळ आहे किंवा एखादी दांडी वाकते. तो सांधा बदला. बायपास स्क्रूने ही चूक झाकायची नाही. बायपास फक्त आयडलिंगला कामाचा, उघड्या थ्रॉटलला त्याचा उपयोग नाही. दोन्ही ठिकाणी जुळल्यानंतर आयडलिंगला उरलेला बारीक फरक काढायलाच तो फिरवा.

हवा सारखी दाखवतेय, तरी हेडरचा (एक्झॉस्टचा) एक पाइप बाकीच्यांपेक्षा थंड लागतो? तापमान मोजायच्या गनने बघा, हाताने नाही. बटरफ्लायच्या खाली कुठेतरी हवा गळते आहे किंवा इंजेक्टर कमी मारतो आहे. सिंक्रोमीटरला तोंडातून येणारीच हवा कळते, फ्लँजच्या फटीतून शिरणारी नाही. गळती धुराच्या मशीनने शोधा. गरम हेडरजवळ कार्ब क्लीनर फवारणाऱ्यांपासून चार हात दूर उभे राहा.

सगळं जुळलं की स्टॉप स्क्रूवर रंगाची खूण करा आणि त्यानंतरच टीपीएस कॅलिब्रेट करा. पुढे कधीही तो स्क्रू हलला तर कॅलिब्रेशन पुन्हा. आयडलिंग थोडं कमीजास्त करायचं असेल तर स्क्रू सोडून आयडल व्हॉल्व्ह वापरा.

पेट्रोलचं टेबल आता सोपं आहे. जोरदार कॅमवर आयडलिंगचा व्हॅक्यूम कमी आणि थरथरता असतो, म्हणून भार मोजायला थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम वापरा, म्हणजेच अल्फा-एन. बॉडी मोठ्या असल्या की कमी आरपीएमवर १५-२० टक्के उघडल्यावरच जवळजवळ सगळी हवा आत आलेली असते. त्यामुळे टेबलातले निम्मे रकाने ० ते २० टक्क्यांतच ठेवा: ०, १, २, ३, ५, ७, १०, १५, २०. सरसकट दहा-दहाच्या अंतराने रकाने ठेवून दिलेलं टेबल मी आधी पुसतो आणि मगच गाडी चालू करतो. झटक्यासाठीचं जादा पेट्रोल सगळ्यात शेवटी लावा.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला साध्या पेट्रोलचा १४.७ हा हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडा लागू होत नाही, म्हणून मीटर लॅम्डावर ठेवा (त्यात कुठल्याही पेट्रोलला १ म्हणजे नेमकं प्रमाण). पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८.

अल्फा-एनला उंची कळत नाही. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे आणि चिखलदरा ११०० च्या आसपास. तेवढ्यात हवेचा दाब आठ-नऊ टक्के उतरतो, आणि इथे जुळवलेली गाडी वर जाऊन काळा धूर सोडते. चावी फिरवताना एकदाच दाब वाचणारी ईसीयू घाटात उपयोगाची नाही. हवेच्या दाबाचा वेगळा सेन्सर लावा.

ट्यूनिंग अमरावती रोडवर रात्री करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशी गाडी रस्त्यावर आणणंच अडचणीचं आहे. डायनो (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं मशीन) गाठा किंवा ट्रेलरवर घालून बंदिस्त जागी न्या.

उघड्या ट्रम्पेट (बॉडीच्या तोंडावरच्या कर्ण्यासारख्या नळ्या) फोटोपुरत्या. आपल्या मुरमाच्या रस्त्यावर त्या इंजिन खातात. चौघांना मिळून एक बंद डबा, त्यावर तेल लावलेला फोमचा फिल्टर, आणि ट्रम्पेटचं तोंड डब्याच्या भिंतीपासून निदान एका व्यासाइतकं दूर. डबा लावल्यावर लॅम्डा पुन्हा बघा, फरक पडतो. पहिल्या रॅलीनंतर फिल्टर धुताना लिंकेजचे नट आणि स्टॉप स्क्रूवरची खूणही तपासा.